दूरचित्रवाणी संचाची किरकोळ दुरुस्ती : जबाबदारी कोणाची?

२००१ च्या जनगणनेनुसार देशातील ३१.६ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ४७.२ टक्क्यांवर पोहोचले. त्यानंतरच्या काळात किमतींतील घट, ग्रामीण विद्युतीकरण आणि सुलभ हप्ते यांमुळे संच घराघरांत पोहोचला. मात्र ज्या वेगाने संच घरात आले, त्या वेगाने त्यांच्या देखभालीची व्यवस्था उभी राहिली नाही. संचाचा पाय तुटणे, केबल जोडण्याची खोबण सैल होणे, भिंतीवरील ब्रॅकेट निखळणे, रिमोटचे बटण दबून राहणे असे बिघाड दिसायला किरकोळ असतात. तरीही ते कोणी दुरुस्त करावेत, हा प्रश्न सोपा नाही. घरातील व्यक्तीने, गल्लीतील मेकॅनिकने, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने, विक्रेत्याने की घरमालकाने? या प्रश्नाच्या उत्तरावर कुटुंबाचा खर्च, ग्राहकाचे हक्क, लहान कारागिरांचे उत्पन्न आणि पर्यावरणावरील भार अशा चार गोष्टी अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात बंगळुरू शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे आर्थिक, कायदेशीर आणि धोरणात्मक पैलू तपासले आहेत.

बंगळुरूची पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्मितीशी बंगळुरूचे नाते जुने आहे. १९५४ मध्ये येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. संरक्षण सामग्रीबरोबरच कृष्णधवल संचांच्या पिक्चर ट्यूबही या कंपनीने तयार केल्या. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात बंगळुरूस्थित बीपीएल कंपनीचे संच देशभर विकले गेले. केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या संस्थेने विकसित केलेल्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीमुळे या क्षेत्राला स्वतंत्र वसाहत मिळाली.

निर्मितीच्या जोडीने दुरुस्तीचा व्यवसायही वाढला. मुंबईत लॅमिंग्टन रोडचे जे स्थान आहे, तेच बंगळुरूत सदर पत्रप्पा रोडचे आहे. जुने सुटे भाग, बोर्ड, केबल, सोल्डरिंगची साधने आणि दुरुस्तीचे कौशल्य हे सर्व तेथील अरुंद गल्ल्यांत एकत्र सापडते. दुसरीकडे, याच शहरात नोकरीनिमित्त परगावाहून आलेल्या भाडेकरूंची संख्या मोठी आहे. मराठी भाषक तरुण अभियंतेही त्यांत मोठ्या संख्येने आहेत. सुसज्ज घर भाड्याने घेणाऱ्यांच्या बाबतीत संच एकाच्या मालकीचा आणि वापर दुसऱ्याचा, अशी स्थिती असते. त्यामुळे दुरुस्तीच्या जबाबदारीचा प्रश्न येथे अधिक ठळकपणे पुढे येतो.

'किरकोळ' कशास म्हणावे?

दुरुस्तीची जबाबदारी ठरवण्याआधी बिघाडाचे वर्गीकरण करणे आवश्यक आहे. संचाचे बाह्य आवरण न उघडता दूर करता येणारे बिघाड पहिल्या वर्गात मोडतात. रिमोटच्या विद्युतघटांची अदलाबदल, बाहेरील केबल बदलणे, सैल प्लग बसवणे, तुटलेला पाय बदलणे ही त्याची उदाहरणे होत. आवरण उघडावे लागते, परंतु मुख्य पडद्याला हात लावावा लागत नाही, असे बिघाड दुसऱ्या वर्गात येतात. खोबण सैल होणे, वीजपुरवठा करणाऱ्या बोर्डावरील कपॅसिटर फुगणे, ध्वनिक्षेपक फाटणे यांचा त्यात समावेश होतो. तिसरा वर्ग पडद्याचा. पडद्यावर तडा जाणे किंवा उभ्या रेषा उमटणे हे बिघाड दिसायला लहान असले, तरी ते किरकोळ नसतात. सपाट संचाच्या एकूण उत्पादन खर्चात पडद्याचा वाटा सर्वाधिक, बहुधा निम्म्याहून अधिक असतो. त्यामुळे पडदा बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या संचाच्या किमतीजवळ जातो.

सुरक्षिततेचा निकषही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचात २० हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब निर्माण होत असे आणि संच बंद केल्यानंतरही त्याचा काही अंश शिल्लक राहत असे. आधुनिक एलईडी संचात तो दाब नसतो. परंतु वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो. म्हणूनच बिघाड लहान असला तरी तो दूर करण्याची कृती लहान असेलच असे नाही. आवरण उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर अशी सीमारेषा आखणे, हा सामान्य वापरकर्त्यासाठी सर्वांत विश्वसनीय नियम ठरतो.

अर्थशास्त्रातील चार संकल्पना

कोणते काम कोणी करावे, हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्न आहे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये श्रमविभागणीचे फायदे मांडले. प्रत्येकाने आपल्या कौशल्याचे काम करावे आणि उरलेले विनिमयातून मिळवावे, हे त्याचे सार. दुरुस्तीच्या बाबतीत त्याला संधी खर्चाची जोड द्यावी लागते. स्वतः दुरुस्ती करणाऱ्याने खर्च केलेला वेळ विनामूल्य नसतो. त्या वेळात त्याने जे मिळवले असते, तो त्या दुरुस्तीचा खरा खर्च होय.

तथापि, काम दुसऱ्याकडे सोपवण्यासही खर्च येतो. रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मधील आपल्या निबंधात हे व्यवहार खर्च स्पष्ट केले. तंत्रज्ञ शोधणे, भाव ठरवणे, त्याच्यासाठी घरी थांबणे, कामाची खातरजमा करणे या सर्वांना वेळ लागतो. पाच मिनिटांच्या कामासाठी एक दिवस रजा घ्यावी लागत असेल, तर व्यवहार खर्च हा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा अधिक ठरतो. बाह्य स्वरूपाचे बिघाड घरीच दूर करणे शहाणपणाचे का, याचे कारण येथे सापडते.

तिसरी संकल्पना माहितीच्या असममिततेची आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन ती मांडली आणि २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुरुस्तीच्या सेवेत ही असममितता अधिक तीव्र असते. मायकेल डार्बी व एडी कर्नी यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, काही सेवांची गुणवत्ता ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही कळत नाही. संच सुरू झाला हे दिसते. परंतु बोर्ड खरोखरच बदलण्याची गरज होती, की केवळ एक सुटा झालेला जोड पक्का करून भागले असते, हे ग्राहकाला कधीच समजत नाही. निदान करणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा एकच असल्याने अनावश्यक काम करण्याचे प्रलोभन निर्माण होते. हे प्रलोभन गल्लीतील मेकॅनिकपुरते मर्यादित नाही; सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या सेवा केंद्रालाही ते तितकेच लागू पडते.

चौथी संकल्पना कायदा आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवरील आहे. गुइडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, नुकसानीची जबाबदारी ज्याला ते नुकसान सर्वांत कमी खर्चात टाळता येते, त्याच्यावर टाकावी. वाहतुकीत संच फुटू नये यासाठी भक्कम वेष्टन करणे विक्रेत्याला व वाहतूकदाराला सर्वांत सोपे असते. मूल संचावर चेंडू मारणार नाही, हे पाहणे कुटुंबालाच शक्य असते. सोल्डरिंग कच्चे राहणार नाही, याची काळजी कारखान्यात घेता येते. जबाबदारीची विभागणी या तत्त्वाने केली, तर बहुतेक वाद सुटतात.

हमीपत्र आणि ग्राहक कायदा

हमीपत्रांतील अटींचा आधारही हेच तत्त्व आहे. बहुतेक कंपन्यांची हमी निर्मितीतील दोषांपुरती मर्यादित असते आणि 'भौतिक नुकसान' तीतून वगळलेले असते. यामागील कारण नैतिक धोक्याचे आहे. आपटून फुटलेला संचही कंपनी विनामूल्य बदलून देणार असेल, तर तो जपण्याची प्रेरणा कमी होते आणि त्याचा खर्च काळजीपूर्वक वापरणाऱ्या ग्राहकांच्या किमतीत मिळवला जातो. अडचण निर्माण होते ती सीमारेषेवर. केबलची खोबण सैल झाली, ती वारंवार ओढल्यामुळे की मुळातच कच्ची बसवल्यामुळे? हा निर्णय बहुधा कंपनीचाच तंत्रज्ञ देतो. म्हणजेच ज्याच्यावर खर्च पडणार, तोच निवाडा करतो.

अशा प्रसंगी कायद्याचा आधार महत्त्वाचा ठरतो. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये विशिष्ट परिस्थितीत वस्तूची गुणवत्ता व उपयुक्तता यांविषयीच्या गर्भित अटी मान्य केल्या आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असून, सदोष उत्पादनामुळे हानी झाल्यास निर्माता, सेवा पुरवठादार व विक्रेता यांची जबाबदारी निश्चित केली आहे. त्याचबरोबर कलम ८७ नुसार हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असल्यास किंवा तिच्यात फेरबदल केलेला असल्यास विक्रेत्याविरुद्ध अशी कार्यवाही करता येत नाही. घरी आवरण उघडून जोडाजोड करणाऱ्याने ही तरतूद ध्यानात ठेवावयास हवी.

ऑनलाइन खरेदी केलेला संच फुटक्या अवस्थेत घरी पोहोचला, तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी ग्राहकाची नाही. २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. अशा वेळी स्वतः किंवा स्थानिक मेकॅनिककडून तात्पुरती दुरुस्ती करून घेणे ही चूक ठरते. कारण त्यामुळे मूळ दोषाचा पुरावा नष्ट होतो.

स्थानिक मेकॅनिकची सेवाही याच कायद्याच्या कक्षेत येते. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते आणि सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. जिल्हा आयोगाची आर्थिक मर्यादा २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपये असून, ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्क आकारले जात नाही. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहायता क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हमीपत्रातील अटी अवाजवीपणे एकतर्फी असल्यास त्यांना राज्य वा राष्ट्रीय आयोगापुढे अनुचित करार म्हणून आव्हान देण्याची सोय आहे.

दुरुस्तीसाठी संच दुकानात ठेवला, की भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील निक्षेपाच्या तरतुदी लागू होतात. कलम १५१ नुसार दुकानदाराने त्या वस्तूची सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेणे बंधनकारक आहे. दुसऱ्या बाजूने, कलम १७० त्याला आपल्या श्रमाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून धरण्याचा हक्क देते. ग्राहक आणि कारागीर या दोघांचेही हित कायद्याने जपले आहे.

भाड्याच्या घरातील संच

सुसज्ज घरातील संच बिघडल्यास खर्च कोणी करावा, हा बंगळुरूसारख्या शहरातील नेहमीचा वाद आहे. येथे पाच ते दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम घेण्याची प्रथा रूढ होती. एवढी मोठी रक्कम घरमालकाकडे असल्याने घर सोडताना किरकोळ दुरुस्त्यांची कपात हा भाडेकरूंच्या दृष्टीने चिंतेचा विषय ठरतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्यता दिलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्त्यांची विभागणी आढळते. संरचनात्मक दुरुस्त्या, रंगसफेदी आणि आवश्यक तेथे विद्युत तारा बदलणे ही घरमालकाची जबाबदारी. तर नळांचे वायसर, स्विच व सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूची. घरमालकाने आपल्या वाट्याची दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करवून घेऊन भाड्यातून वजा करू शकतो. मात्र कोणत्याही एका महिन्यातील कपात मासिक भाड्याच्या ५० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. हा आदर्श कायदा असल्याने राज्यांनी तो स्वीकारल्यावर किंवा त्यानुसार आपल्या कायद्यांत बदल केल्यावरच लागू होतो, हे परीक्षार्थींनी लक्षात घ्यावे.

या अनुसूचीत दूरचित्रवाणी संचाचा उल्लेख नाही. संच ही जंगम वस्तू असल्याने तेथे पुन्हा निक्षेपाची तत्त्वे उपयोगी पडतात. भाड्याने दिलेल्या वस्तूतील मूळ दोषाची जबाबदारी करार अधिनियमाच्या कलम १५० नुसार देणाऱ्यावर असते. वापरणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीस तो जबाबदार ठरत नाही. यावरून व्यवहार्य नियम असा निघतो : वयोमानाने झालेली झीज घरमालकाची, निष्काळजीपणाने झालेली मोडतोड भाडेकरूची. घर ताब्यात घेताना संचाची स्थिती छायाचित्रांसह करारात नोंदवणे हा वाद टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

अधिकृत केंद्र की गल्लीतील मेकॅनिक?

हमीची मुदत संपल्यानंतर निवडीचा खरा प्रश्न उभा राहतो. पूर्वीच्या संचांतील भाग मोठे व सुटे असत. मेकॅनिक सदोष भाग शोधून तेवढाच बदलत असे. आधुनिक संचात बहुतेक कार्ये एका मुख्य बोर्डावर एकवटली आहेत. अधिकृत केंद्र साधारणपणे संपूर्ण बोर्ड बदलते. त्यात वेळ कमी लागतो आणि कामाची खात्री देता येते. पण खर्च वाढतो. स्थानिक तंत्रज्ञ त्याच बोर्डावरील एखादा लहान भाग बदलून काम भागवतो. खर्च कमी, मात्र यशाची शाश्वती कमी.

हा फरक एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, हमी संपलेल्या संचाची खोबण निखळली आहे. अधिकृत केंद्र बोर्ड बदलण्याचे ७,००० रुपये सांगते. स्थानिक तंत्रज्ञ १,२०० रुपयांत खोबण बसवून देतो. परंतु त्याच्या यशाची शक्यता ८० टक्के आहे. अपयश आल्यास ग्राहकाला ७,००० रुपये खर्च करावेच लागतील. तेव्हा स्थानिक दुरुस्तीचा अपेक्षित खर्च १,२०० अधिक ७,००० च्या २० टक्के, म्हणजे १,४०० रुपये, असा एकूण २,६०० रुपये होतो. तो ७,००० पेक्षा बराच कमी आहे. आता समजा, संच हमीच्या मुदतीत आहे, कंपनीने हा बिघाड भौतिक नुकसान म्हणून नाकारला आहे आणि बाहेरील व्यक्तीने संच उघडल्यास उरलेली हमीही रद्द होणार आहे. उरलेल्या मुदतीत २०,००० रुपयांचा पडदा खराब होण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर हमी गमावण्याची किंमत १,००० रुपये होते आणि स्थानिक दुरुस्तीचा खर्च ३,६०० रुपयांवर जातो. हे जादा १,००० रुपये तांत्रिक कारणाने नव्हे, तर केवळ कराराच्या अटीमुळे ग्राहकावर पडतात. खोबण बदलल्याने पडद्यावर कोणताही परिणाम होत नसेल, तर ही अट स्पर्धेला बाधक ठरते.

विक्रीनंतरच्या बाजारपेठेतील अशा बंधनांची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने मोटार उद्योगाच्या संदर्भात घेतली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहितीपुस्तिका व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती व्यावसायिकांना उपलब्ध न करणे हा स्पर्धा अधिनियम, २००२ चा भंग असल्याचे आयोगाने म्हटले. हे प्रकरण पुढे अपिलात गेले; परंतु मूळ वस्तू विकत घेतल्यानंतर ग्राहक एकाच पुरवठादाराच्या ताब्यात जाऊ नये, हे सूत्र त्यातून प्रस्थापित झाले.

दुरुस्तीचा हक्क

या सूत्राचा विस्तार म्हणजे 'दुरुस्तीचा हक्क' ही संकल्पना. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिची पहिली बैठक १३ जुलै २०२२ रोजी झाली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्राधान्याने निवडली. दूरचित्रवाणी संच तिसऱ्या क्षेत्रात मोडतो. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठीचे पोर्टल सुरू करण्यात आले. कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सुट्या भागांचे तपशील, हमीच्या अटी व सेवा केंद्रांचे पत्ते तेथे द्यावेत, अशी अपेक्षा आहे.

पुढील टप्पा दुरुस्ती-योग्यता निर्देशांकाचा. भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. वस्तू किती टप्प्यांत सुटी करता येते, दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची वेळेत उपलब्धता, सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण, लागणारी साधने आणि जोडणीसाठी वापरलेले स्क्रू वा तत्सम घटक हे निकष त्यात सुचवले आहेत. प्रारंभी स्मार्टफोन व टॅबलेट यांचा विचार झाला आहे. दूरचित्रवाणी संचाला असा निर्देशांक लागू झाल्यास दुरुस्तीच्या खर्चाची कल्पना ग्राहकाला खरेदीपूर्वीच येईल आणि माहितीची असममितता काही अंशी कमी होईल.

या बाबतीत युरोपचा अनुभव उद्बोधक आहे. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दूरचित्रवाणी संचाचे ठरावीक सुटे भाग, त्या प्रतिमानाचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. त्यातील विभागणी विशेष लक्षणीय आहे. अंतर्गत वीजपुरवठा, बाह्य उपकरणांच्या खोबणी व कपॅसिटर व्यावसायिक दुरुस्तीकारांना. तर रिमोट व बाह्य वीजपुरवठा प्रत्यक्ष वापरकर्त्यालाही मिळावा, असे हे नियम सांगतात. कोणी काय दुरुस्त करावे, याचे उत्तर तेथे सुट्या भागांच्या यादीतूनच दिले गेले. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दूरचित्रवाणी संचासह काही वस्तूंवर दुरुस्ती-योग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले आणि ८ जानेवारी २०२५ पासून संचांसाठी त्याची जागा टिकाऊपणाच्या निर्देशांकाने घेतली.

पर्यावरण आणि रोजगार

दुरुस्ती टळली की संच कचऱ्यात जातो. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन इ-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रीकरण विधिवत नोंदले गेले. बंगळुरूजवळील डोब्बसपेट येथे २००५ मध्ये ई-परिसर हा देशातील आरंभीच्या अधिकृत पुनर्चक्रीकरण प्रकल्पांपैकी एक सुरू झाला. तथापि, पुनर्चक्रीकरण हा अखेरचा उपाय आहे. वस्तूचे आयुष्य वाढवणे हा पहिला.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या इ-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये दूरचित्रवाणी संचाचा समावेश आहे. उत्पादकांसाठी पुनर्चक्रीकरणाचे लक्ष्य २०२३-२४ व २०२४-२५ साठी ६० टक्के, त्यापुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के असे वाढत जाते. वस्तूचे नूतनीकरण करून तिचे आयुष्य वाढवल्यास उत्पादकाची ही जबाबदारी पुढे ढकलली जाते व त्या मुदतीअखेर पुढे ढकललेल्या प्रमाणाच्या ७५ टक्केच मोजली जाते. दुरुस्तीला प्रोत्साहन देणारी ही तरतूद आहे. मात्र तिचा लाभ नोंदणीकृत नूतनीकरण करणाऱ्यांपुरता आहे. सदर पत्रप्पा रोडवरील लहान दुकानदार या साखळीत कसा येईल, हे पाहणे गरजेचे आहे.

करांचाही या निर्णयावर परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवा संच स्वस्त झाल्याने ग्राहकाला लाभ झाला. परंतु दुरुस्तीचा तुलनात्मक खर्च वाढला. युरोपातील काही देशांनी दुरुस्तीच्या सेवांवरील कर कमी ठेवला आहे. त्याचा विचार येथेही होण्यास वाव आहे.

दुरुस्ती हे रोजगाराचेही क्षेत्र आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ३१ मे २०२३ रोजी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती सेवांचा पथदर्शी प्रकल्प बंगळुरूतच सुरू केला. परदेशांतील बिघडलेली उपकरणे भारतात आणून, दुरुस्त करून परत पाठवणे हा त्याचा हेतू. तीन महिन्यांच्या या प्रकल्पात पाच कंपन्या सहभागी झाल्या. येत्या पाच वर्षांत या क्षेत्रातून २० अब्ज डॉलरपर्यंत महसूल मिळू शकेल, असा अंदाज मंत्रालयाने त्या वेळी वर्तवला होता. जगाची उपकरणे दुरुस्त करण्याची क्षमता असलेल्या शहरातील कुटुंबाला स्वतःच्या संचासाठी विश्वासू तंत्रज्ञ मिळू नये, हा विरोधाभास दूर करण्याची आवश्यकता आहे. त्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रमांबरोबरच अनुभवातून शिकलेल्या मेकॅनिकला पूर्व-कौशल्य मान्यतेद्वारे प्रमाणपत्र देणे उपयुक्त ठरेल. प्रमाणपत्र ही स्पेन्स यांच्या परिभाषेत गुणवत्तेची खूण असते. तिच्यामुळे ग्राहकाला निवड करणे सोपे जाते आणि कुशल कारागिराला योग्य दर मिळतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचा समावेश नाही, ही बाबही येथे नोंदवण्याजोगी आहे.

निर्णयाची चौकट

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. आवरण न उघडता दूर होणारा बिघाड वापरकर्त्याने स्वतः दूर करावा. तेथे तज्ज्ञाला बोलावण्याचा व्यवहार खर्च लाभापेक्षा अधिक असतो. भिंतीवरील ब्रॅकेट कंपनीच्या वा विक्रेत्याच्या माणसाने बसवलेला असेल आणि तो निखळून संच पडला असेल, तर जबाबदारी बसवणाऱ्याची. कारण तो अपघात कमीत कमी खर्चात त्यालाच टाळता आला असता. हमीच्या मुदतीत आवरण उघडण्याची वेळ आल्यास प्रथम अधिकृत केंद्राकडे जावे आणि नकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. मुदत संपल्यानंतर पावती देणारा, बदललेला जुना भाग परत दाखवणारा आणि कामाची काही काळ हमी घेणारा स्थानिक तंत्रज्ञ हा बहुधा अधिक किफायतशीर पर्याय ठरतो. पडद्याचे नुकसान मात्र दुरुस्तीचा नव्हे, तर संच बदलण्याचा प्रश्न असतो. तेव्हा जुना संच अधिकृत संकलन केंद्राकडेच सोपवला पाहिजे.

व्यक्तीने सुज्ञपणे निवड करण्यासाठी निवडीस वाव असावा लागतो. सुटे भाग मिळत नसतील, माहितीपुस्तिका गुप्त असेल आणि हमीच्या अटी अवाजवी असतील, तर 'कोणी दुरुस्त करावे' हा प्रश्न ग्राहकाच्या हाती राहतच नाही. सुट्या भागांच्या उपलब्धतेची किमान मुदत निश्चित करणे, निर्देशांकाची कक्षा दूरचित्रवाणी संचापर्यंत वाढवणे आणि लहान कारागिरांना प्रमाणपत्र व नोंदणी यांद्वारे औपचारिक व्यवस्थेत आणणे ही त्या दिशेने टाकावयाची तीन पावले होत. ती पडली, तर सैल झालेल्या एका खोबणीसाठी सबंध संच भंगारात टाकण्याची वेळ कुटुंबावर येणार नाही.